तेरावा थर

गवंडीमास्तरांनी पहिल्या भेटीत माझ्याशी हात मिळवला नाही. माझ्या पाठीमागच्या भिंतीशी मिळवला. तंत्रसंस्थेत भाषा आणि गणित शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो आणि टेबलावर कोपरं टेकून मोठा माणूस दिसायचा सराव करत होतो. एवढ्यात सव्वासहा फूट उंचीचा, डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने पांढरा झालेला एक इसम दारात उभा राहिला. मला वाटलं, इमारतीचा एखादा खांब कंटाळून फिरायला निघालाय. तो माझ्याकडे न बघता आत आला, खुर्चीला वळसा घालून गेला, भिंतीवर तीनदा टकटक केलं आणि कान लावून उभा राहिला. तेवढ्या वेळात माझी निम्मी मिशी पिकली असावी.

"सर, खुर्ची जरा पुढे घ्या," तो म्हणाला.

"का? पडणार आहे की काय?"

"पडायची नाही. पण आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे."

मी खुर्ची पुढे घेतली. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. खुर्ची अजून मागे नेलेली नाही.

मुलं त्यांना पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का हे बघायचं ते साधन. मास्तर तसेच ताठ उभे राहत आणि राग आला की तसेच हळूहळू हलत. तीस वर्षं ते सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना वीटकाम शिकवत होते. त्यांचं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत, तेही शाळेची भिंत बांधताना खिडकीतून ऐकलेलं.

मग नव्या पात्रता आल्या. सोळाव्या वर्षानंतर ज्यांना हातांनी शिकायचंय त्यांच्यासाठी नवा अभ्यासक्रम, नवी परीक्षा, नवं प्रमाणपत्र. कल्पना उत्तम होती. फक्त तळाशी एक कलम होतं: ज्याच्याकडे ही पात्रता नाही त्याला ती शिकवता येणार नाही. प्राचार्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "वर्षभराची मुभा आहे. तेवढ्यात पास व्हा, नाहीतर वर्कशॉप दुसऱ्याला द्यावं लागेल."

अशा रीतीने अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तर पहिल्या बाकावर बसले. शेजारी त्यांची धाकटी लेक, त्याच वर्गात, वय सतरा. सकाळी मास्तर तिला थापी धरायला शिकवत, दुपारी ती त्यांना अपूर्णांक. हजेरी घेताना मास्तर स्वतःचं नाव पुकारत आणि स्वतःच "हजर" म्हणत.

वर्कशॉपमध्ये मला कधीच बरं वाटायचं नाही. तिथली भिंत टिकण्यासाठी बांधलेलीच नसते. माल चुना-वाळूचा, त्यात सिमेंट नाही, म्हणून तो घट्ट होत नाही. सत्र संपलं की भिंत उतरवायची, विटा खरवडायच्या, माल चाळून पुन्हा भिजवायचा. तीस वर्षं त्याच विटा आणि तोच माल. त्या विटा इतक्या भिंतींत उभ्या राहून आल्या होत्या, पण त्यांच्या आडोशाला कधी कुणी झोपलं नव्हतं. ढिगाजवळून जाताना कुणीतरी आपल्याकडे घर मागतंय असं मला उगाच वाटायचं.

परीक्षेची भिंत बारा थरांची. सहा दिवस, रोज दोन थर. काम सुरू करण्याआधी सकाळी फोटो, काम संपल्यावर संध्याकाळी वहीत नोंद. वह्या तपासायचं काम माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी मी मास्तरांची वही उघडली. आदल्या संध्याकाळची नोंद: चार थर. सकाळचा फोटो: पाच.

"मास्तर, तुमचं गणित कच्चं आहे हे मला ठाऊक आहे. पण पाचापर्यंत आपण केलंय की."

"मी चारच रचले, सर. पाचवा सकाळी होता. फोटो काढला आणि उतरवला."

"पोरांनी गंमत केली असेल."

"पोरांना एवढं जमलं असतं तर मी सुखाने घरी बसलो असतो."

लेक म्हणाली, "अप्पा, खरं सांगा. झोपेत उठून येता की काय इकडे?"

"मग घरी घोरतं कोण?"

"तेही खरंच," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी सहा थर झाल्यावर विटांच्या ढिगाभोवती मी खडूने रेघ मारली, कुलूप स्वतः लावलं आणि चावी घरी नेली. सकाळी आम्ही तिघांनी मिळून दार उघडलं. थापी खुंटीवर कोरडी. खडूची रेघ जशीच्या तशी, ढिगातली एक वीट हललेली नाही. आणि भिंतीवर सातवा थर. मी सांध्यातल्या मालाला हात लावला. ओला होता. ओला माल गार असतो. हा कोमट होता.

मास्तर खाली वाकले. ते विटांमधला सांधा हत्याराने नाही, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने ओढत. त्या बोटाचं टोक पंचवीस वर्षांपूर्वी याच वर्कशॉपमध्ये वीट कापायच्या चाकात गेलं होतं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक सांध्यात मधोमध एक बारीक उंचवटा राही. हजार भिंतींतून त्यांची भिंत ओळखू यावी असा. सातव्या थराच्या सांध्यात उंचवटा नव्हता.

"हे माझंच काम आहे," मास्तर सावकाश म्हणाले. "बोट होतं तेव्हाचं."

मग लेकीने विचारलं, "अप्पा, ते टोक गेलं कुठे?"

"सापडलंच नाही. चाकाखाली मालाचं घमेलं होतं."

आम्ही तिघांनीही कोपऱ्यातल्या घमेल्याकडे पाहिलं. तोच माल.

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मास्तर रोज सकाळी तो जादा थर उतरवत राहिले, पण आता वीट काढताना ते तिला दोन्ही हातांनी धरत. मी त्यांना बजावलं, "वहीत बारा तर भिंतीत बारा. दुसऱ्याचा हात लागलाय असं वाटलं तर परीक्षक सरळ नापास करेल."

सातव्या दिवशी सकाळी परीक्षक यायचे होते. भिंतीवर तेरावा थर होता.

"उतरवा ना, अप्पा," लेक म्हणाली. "वेळ आहे अजून."

मास्तरांनी हात पुढे केला, ते आखूड बोट सांध्यावरून एकदा फिरवलं आणि हात मागे घेतला. "असू दे. पंचवीस वर्षांनी कामावर आलंय. त्याला हाकलू कसं?"

परीक्षक तिशीचे, टापटीप. त्यांनी ओळंबा सोडला, थर मोजले, वही पाहिली.

"तेरावा कुणी रचला?"

"मीच असणार," मास्तर म्हणाले.

"असणार म्हणजे?"

मास्तरांनी उजवा हात पुढे केला. परीक्षकांनी खालचे सांधे पाहिले, वरचा सांधा पाहिला, मग त्या बोटाकडे पाहिलं. त्यांनी वरच्या सांध्याला हात लावला आणि झटकन काढून रुमालाने पुसला. चहा तसाच ठेवून गेले. प्रात्यक्षिकात मास्तर पास झाले, आणि वर्गात पहिले आले.

राहिला लेखी पेपर. त्यात एक प्रश्न होता: तुम्ही पूर्ण केलेल्या कामाचे दीडशे शब्दांत वर्णन करा. दहा गुण. मी मास्तरांकडून तो चौदा वेळा लिहून घेतला होता. त्यात भिंत बारा थरांची होती आणि माल ताजा होता. प्रत्यक्ष पेपरात त्यांनी एकच ओळ लिहिली: "बारा थर मी रचले, तेरावाही माझाच आहे, पण तेव्हा मी तिथे नव्हतो."

लेक पास झाली. मास्तर दोन गुणांनी राहिले. वर्कशॉप एका पंचविशीतल्या प्रमाणपत्रधारकाकडे गेलं. त्याने पहिल्या आठवड्यात जुना माल सायकलस्टँडमागच्या खड्ड्यात टाकून नवी वाळू मागवली. मास्तर नापास झाले तो पेपर भाषेचा होता, आणि भाषा मी शिकवत होतो.