लूशस टार्पलीच्या सुटाची किंमत

ओझेला टार्पली कॅल्डर गावातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे दुरुस्त करायची. आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. अलाबामातलं ते गाव आठवडाभर पेंगत असे आणि शनिवारी जागं होई, कारण गावात कॉलेज होतं आणि कॉलेजला फुटबॉलचा संघ. सामन्यांच्या महिन्यांत ओझेलाच्या मशीनपाशी लाल जर्स्यांचा ढीग पडे. कॉलेजच्या दुकानातून सत्तर डॉलरला घेतलेली जर्सी कुणाला लांब होई, कुणाच्या पोटावर बसत नसे. तिच्या पाठीवर नंबर असे, नाव नसे. खेळणारे विद्यार्थी आहेत, नोकर नव्हेत, तेव्हा त्यांचं नाव विकायचं नाही आणि त्यांना पैसाही द्यायचा नाही, असा तेव्हाचा नियम होता. नंबर कुणाचा, हे मात्र पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असे.

त्या वर्षी सगळ्यांना चौऱ्याहत्तर नंबर हवा होता.

एका बुधवारी दुपारी स्वतः चौऱ्याहत्तर नंबरच दुकानाच्या दारातून तिरका होऊन आत आला. डिमेट्रिक गिलरी त्याचं नाव. लुईझियानाच्या किनाऱ्यावरचा, विशीचा पोरगा. त्याच्या हातात एक कोट होता. पाठीची शिवण वरपासून खालपर्यंत उसवलेली, सेफ्टीपिनांनी कशीबशी धरलेली.

"मॅडम, शुक्रवारपर्यंत होईल का हा?"

ओझेलाने कोट उलटा केला. "कुणाचा आहे रे?"

"मावसभावाचा."

"तो तुझ्या अर्धा आहे का?"

"पाऊण, मॅडम."

"बाळा, या शिवणीत माया काही उरलेली नाही. सैल कुठून करू? खिडकीचा पडदा जोडू?"

तो हसला, पण जागचा हलला नाही. दुसऱ्या गावी सामना असला की संघाची बस शुक्रवारी निघे, आणि कोट-टाय नसेल त्याने बसमध्ये चढायचं नाही, अशी कोचची शिस्त. कॉलेजने त्याची फी भरली होती, पुस्तकं, खोली, जेवण दिलं होतं. कोट त्यात बसत नव्हता. सराव आणि वर्ग यांतून नोकरीला तासभरही उरत नसे. त्याची आई वॉनेटा गावाकडच्या कारखान्यात कोंबड्या कापायच्या कामावर होती. तिच्याकडे मागायला त्याला तोंड नव्हतं.

ओझेलाने सवयीने त्याच्या छातीभोवती फीत लावली. चोपन्न इंच. तिचा अंगठा त्या आकड्यावर थांबला. नवरा गेल्यापासून हा आकडा तिने फितीवर वाचला नव्हता.

लूशस टार्पली कागदाच्या गिरणीत माल चढवायचा. चर्चमध्ये त्याला डीकनचा, म्हणजे कारभाऱ्याचा, मान मिळाला, तेव्हा त्याने सूट शिवून घ्यायचं ठरवलं. ओझेला म्हणाली, मी शिवते. तो म्हणाला, नको. तो लहान असताना बर्मिंगहॅमच्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाला कपडा अंगावर घालून बघू देत नसत. त्याच्या बापाने जन्मभर अंदाजाने कपडे घेतले आणि ढगळ नाहीतर आखूड घातले. लूशसला तिथल्याच एका मोठ्या दुकानात जाऊन, हात पसरून उभं राहून, माप द्यायचं होतं. त्याने तसं केलं. गोरा म्हातारा शिंपी त्याच्याभोवती फिरत राहिला आणि 'सर, जरा श्वास सोडा' म्हणाला. लूशस ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं दर ईस्टरला सांगत होता. शिंप्याने किमतीत थोडी सवलत देऊ केली, तीही त्याने घेतली नाही. सगळेच्या सगळे सहाशे चाळीस डॉलर हप्त्याहप्त्याने भरले.

शेवटच्या आजारात तो इतका वाळला की सूट अंगावर लोंबायला लागला. अंत्यविधीवाला म्हणाला, मागून टाके घालून बसवतो, कुणाला कळणार नाही. ओझेलाने ते करू दिलं नाही. लहान मापाचा दुसरा सूट आणून त्याला पुरलं. गडद निळा सूट कपाटात राहिला. ओळखीतल्या कुणाला तो होण्यासारखा नव्हता.

"घरी ये संध्याकाळी," ती डिमेट्रिकला म्हणाली. "आणि त्या पिना मला परत दे. आमच्या दुकानाच्याच दिसतायत."

संध्याकाळी सूट त्याच्या खांद्यात अगदी लूशसला बसायचा तसा बसला. फक्त विजारीची उंची वाढवावी लागली. तिथे लूशसच्या शिंप्याने भरपूर कापड दुमडून ठेवलं होतं.

दोन आठवड्यांनी रविवारी ती त्याला चर्चला घेऊन गेली. तिथे प्रवचनाआधी ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्याने उभं राहून चारचौघांत बोलायची रीत. डिमेट्रिक उभा राहिला. सूट घातलेला, दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर.

"मी दूरचा आहे. इथे माझं कुणी नव्हतं," तो म्हणाला. "मला अंगावर घालायला धड नव्हतं, आणि सिस्टर ओझेलांनी मला त्यांच्या यजमानांचा सूट दिला. फुकट. देवाचे आभार."

"आभार!" सगळं चर्च ओरडलं. बायकांनी पंखे हलवले. ओझेलाने मान खाली घातली, पण तिला बरं वाटलं.

मागच्या बाकावरच्या कुणीतरी कौतुकाने ते फोनवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. सोमवारी ते शेजारच्या प्रतिस्पर्धी कॉलेजच्या समर्थकांच्या हाती लागलं आणि त्यांनी तक्रार केली. गाडी किंवा पैसे घ्यायचे नाहीत, एवढं डिमेट्रिकला माहीत होतं. मेलेल्या माणसाचा सूटही त्यात येतो, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने देवाच्या घरी उभं राहून स्वतःच्याच तोंडाने गुन्हा कबूल केला होता.

मंगळवारी संध्याकाळी कॉलेजच्या नियमपालन विभागाचा ग्रेडी लॉसन ओझेलाच्या घरी आला. तिशीचा, सरळ नाकाचा, दमलेला माणूस.

"गार चहा देऊ?" ओझेलाने विचारलं. "की त्यालाही नियम आहे?"

"मला चालतो, मॅडम. मी खेळत नाही."

त्याने चहा घेतला आणि सगळं नीट समजावलं. खेळाडूला खेळाडू म्हणून गावकऱ्याकडून भेट घेता येत नाही. घेतली, तर तिच्या किमतीएवढे पैसे त्याने एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायचे. किंमत शंभर डॉलरच्या आत असली तर विषय तिथेच संपतो. वर गेली, तर पैसे द्यायचेच, शिवाय येता शनिवार बाहेर बसायचं. सूट परत केला तर पैसे वाचतात, बाहेर बसणं मात्र चुकत नाही.

"आणि या शनिवारी त्याची आई येतेय," ग्रेडी म्हणाला. "माहीत आहे ना? पोरगा इथे आल्यापासून पहिल्यांदाच. तिला सुटी मिळालीय. बसने येतेय."

ओझेलाला ते माहीत होतं. डिमेट्रिक दुसरं काही बोलतच नव्हता.

"मी त्याला खेळाडू म्हणून दिला नाही," ती म्हणाली. "त्याला तो होत होता म्हणून दिला."

ग्रेडी पुढे सरकला. "म्हणजे या मापाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला दिला असता? हे चालण्यासारखं आहे, मॅडम. असा दुसरा विद्यार्थी आहे का कुणी?"

"चोपन्न छातीचे? नजरेच्या मापाने आहेत चौघं."

"कोण?"

"चौघंही तुमच्याच संघात."

ग्रेडीने डोळे चोळले. "बरं. मग किंमत. मिसेस टार्पली, मी शिंपी नाही. तुम्ही सांगाल तो आकडा मी लिहीन. सूट जुना आहे. वस्तू वापरली की घसारा धरतात. काही वर्षांनी तिची किंमत जवळजवळ उरतच नाही. आता समजा, असाच कुणी जुन्या कपड्यांच्या दुकानात ठेवला, तर पंधरा डॉलर? वीस?"

तो चांगला माणूस होता. तो काय करतोय ते तिला कळत होतं. पंधरा म्हटलं की पोरगा खेळेल, आई बघेल, सगळं गाव खूश. इस्त्री करताना दिवसभर तिने हाच आकडा मनात घोळवला होता. तिने तोंड उघडलं.

"कॉलेजच्या दुकानात चौऱ्याहत्तर नंबरची जर्सी सत्तर डॉलरला मिळते," ती म्हणाली. "परवा एकीला मी बाह्या चढवून दिल्या. पॉलिएस्टर आहे. एका धुण्यात नंबर सुटतो. त्या सत्तरातले त्याला किती मिळतात?"

"काही नाही, मॅडम. मिळूच शकत नाहीत. ती वेगळी गोष्ट आहे."

"कशी वेगळी?"

ग्रेडीने ग्लास खाली ठेवला. "ते मला विचारू नका," तो म्हणाला. "मी ते नियम केले नाहीत. आणि माझ्या हातात असतं तर तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं. पण आज मला सुटाची किंमत हवी आहे."

"सहाशे चाळीस."

"मला नीट ऐकू आलं नाही," ग्रेडी सावकाश म्हणाला. "मी पुन्हा विचारतो. तुम्ही घाई करू नका."

"पुन्हा विचारलंत तरी तेच सांगेन. घसारा धरायचा तर निम्मे धरा. माझा नवरा वर्षातून चारदाच घालायचा. पण पंधरा माझ्या तोंडून निघत नाही, मिस्टर लॉसन. मी प्रयत्न करून बघितला."

तो गेल्यावर तिने ग्लास विसळला. मेलेल्या माणसासाठी आपण जिवंत पोराचा शनिवार घेतला, हे तिला तेव्हा कळलं. आणि तीनशेवीस डॉलर. ते त्याने कुठून आणायचे? ते आपण दिले तर तीही भेटच.

बातमी गुरुवारी सकाळपर्यंत गावभर झाली. दुकानाचा मालक हॉइट काउंटरवरून म्हणाला, "शाबास, ओझेला! समोरच्या संघाने तुझा सत्कार करायला हवा."

"त्यांना म्हणावं, शाल नको, दोरा द्या. इथला संपलाय."

दुपारी डिमेट्रिक आला. सूट हँगरला लावून, वर प्लास्टिक चढवून. तो त्याने काउंटरवर आडवा ठेवला.

"पंधरा म्हणायचं होतं, मिस ओझेला. नुसतं पंधरा."

"हो."

"आई निघालीसुद्धा. अर्ध्या वाटेत आहे ती. आता तिने काय बघायचं, मी बाकीच्यांना पाणी देतोय ते?"

ओझेलाने सबब सांगितली नाही. तिने त्याला बर्मिंगहॅमचं दुकान सांगितलं. लूशसचा बाप, त्याचे ढगळ कपडे, हात पसरून उभा राहिलेला लूशस, आणि 'सर, जरा श्वास सोडा'. सांगताना ती एका जर्सीची बाही उसवत होती, कारण हात रिकामे राहिले असते तर तिला बोलता आलं नसतं.

डिमेट्रिक ऐकत उभा राहिला. मग निघून गेला. सूट काउंटरवरच राहिला. हॉइटने तो उचलून दांडीवर लावला.

शुक्रवारी दुकान बंद व्हायच्या वेळी तो परत आला. "तो द्या," तो दांडीकडे बोट दाखवून म्हणाला.

"पैसे भरावे लागतील, पोरा. ठेवलास तर."

"भरीन. उन्हाळ्यात मामाच्या बोटीवर जाईन कोळंबी पकडायला. तोवर थोडे थोडे. ग्रेडीसाहेब हो म्हणालेत." त्याने खिशातून एक तिकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "आम्हाला घरच्यांसाठी पास मिळतात. तुम्ही मला दिलं तर गुन्हा, मी तुम्हाला दिलं तर नाही. तेही विचारून आलोय."

ओझेला गावात जन्मभर राहिली होती, पण सामना तिने फक्त रेडिओवर ऐकलेला. शनिवारी ती वरच्या रांगेत पोचली, तेव्हा डिमेट्रिक निळा सूट घालून बसला होता आणि शेजारी त्याची आई. बाई लहानखुरी होती. हातांवर सुरीचे जुने व्रण. खाली हेल्मेट घातलेली पोरं एकमेकांवर आदळत होती.

"सूटवाल्या बाई तुम्हीच," वॉनेटा गिलरी म्हणाली.

"मीच."

"बसमध्ये पूर्ण वाट तुम्हाला शिव्या देत आले मी."

"देणारच. मीही दिल्या."

डिमेट्रिक तिला जागा करून द्यायला उठला. मागून लगेच आवाज आला, "ए, खाली बस की! भिंत उभी राहिल्यासारखा काय उभा आहेस? काही दिसत नाही!" ओरडणाऱ्याने चौऱ्याहत्तर नंबरची जर्सी घातली होती.

डिमेट्रिक वळला. "सॉरी, सर," म्हणाला आणि बसला.

वॉनेटा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता तिने मुलाच्या कोटाची बाही दोन बोटांत धरली, कापड चाचपलं आणि धरूनच ठेवली.

"मी पंधरा म्हटलं असतं," ओझेला म्हणाली, "तर हा आत्ता खाली असता."

"असता. आणि मी याला विचारत बसले असते, त्या घोळक्यातलं माझं कुठलं?" वॉनेटाने खाली हात केला. "इथून सगळी सारखीच दिसतायत. पण खोटं कशाला बोलू, मला याला खेळताना बघायचं होतं. लोकांनी याच्या नावाने ओरडलेलं ऐकायचं होतं."

"पुढच्या शनिवारी ओरडतील," डिमेट्रिक म्हणाला.

"पुढच्या शनिवारी मी कोंबड्या कापत असेन."

ओझेला वॉनेटाला टेकून बसली.

उन्हं उतरली आणि वारा सुटला. उबदार किनाऱ्यावरून आलेली वॉनेटा थंडीने आखडली. डिमेट्रिक कोट काढायला लागला, तसा ओझेलाने त्याचा हात धरला आणि आपली लोकरीची शाल वॉनेटाच्या खांद्यांवर टाकली. वॉनेटाने ती घट्ट ओढून घेतली.

डिमेट्रिकने दोघींकडे पाहिलं, मग आजूबाजूला.

"आई," तो हळूच म्हणाला, "जाताना ती शाल परत दे हं. नाहीतर किंमत विचारतील."