बोटातला सिंह

लेकाकडे परदेशात ॲथलोनला असताना एकदा बसमध्ये शेजारी अमेरिकेहून पूर्वजांचं गाव बघायला आलेले एक आजोबा होते. बोटातली सिंहाची अंगठी सारखी चोळत होते. मी आपली मोडक्या इंग्रजीत बोलायला लागले. सिंह कसला ते विचारलं आणि आमचं देवक उंबराची फांदी, हेही सांगून टाकलं.

ते हसले. "हा आमच्या घराण्याचा सिंह, असं वडील म्हणायचे. काल इथला चुलतभाऊ म्हणाला, अरे, हा तर जमीनदाराचा. आडनाव तेच, पण आपण त्यांच्या शेतात राबणारे."

"मग काढून टाका की."

"अंगठी निघेल हो. वडिलांच्या थडग्यावर मी हाच सिंह कोरून घेतलाय."

मी डब्यातला लाडू पुढे केला. त्यांनी घेतला, पण अंगठा सिंहावर फिरतच राहिला, काहीतरी पुसावं तसा.