आजीला गप्प बसवणारा सल्ला

पाच महिन्यांनी निधी परत आली, तेव्हा तिच्याकडे होते ते चार शब्दही गेले होते. तीन वर्षांची ही मुलगी माझ्या टेबलाखाली बसून ठोकळे रचत होती. तिची आई म्हणाली, "सार, तुम्ही सांगितलं ते सगळं केलं."

केलं होतं, आणि सांगितलं मीच होतं. मी स्पीच थेरपिस्ट, इथल्या बोलीत 'सर'चा 'सार'. सोलापूरहून चेन्नईत येऊन मैलापूरच्या या सेंटरमध्ये वीस वर्षं झाली. निधीचं घर तंजावरी मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहिलेलं. आई तिच्याशी तमिळ बोलायची, वडील इंग्लिश, आजी त्यांची जुनी मराठी. पहिल्याच भेटीत मी ठरवून टाकलं, तीन भाषांचा गोंधळ आहे. म्हटलं, फक्त तमिळ ठेवा. आजींना तमिळ येत होती, पण नातीशी ती तोंडात येईना. म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं.

सेंटरच्या हेड ललिता मॅडमनी फाइल चाळली. "हिअरिंग टेस्ट कुठे आहे?"

"आई म्हणाली होती, हाक मारली की वळते."

"कुणाच्या हाकेला? किती अंतरावरून?"

ते मी विचारलंच नव्हतं. मूल बोलत नसेल तर आधी कान तपासायचे, हा आमच्या कामातला पहिला धडा. तो मी नव्या थेरपिस्टना शिकवतो.

त्याच दुपारी टेस्ट केली. लहान मुलांसाठी ती खेळासारखी असते. हेडफोनमध्ये आवाज आला की एक रिंग दांड्यात घालायची. निधीला खेळ लगेच समजला. मोठ्या आवाजाला रिंग पडायची, हळू आवाजाला हात हवेतच थांबायचा. या टेस्टच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यात दोन्ही कानांत मध्यम दोष दिसला. म्हणजे खोलीच्या पलीकडून कुणी बोललं तर तिला आवाज कळतो, शब्द कळत नाहीत.

मी सोबत आलेल्या आजींना विचारलं, तुम्ही तिच्याशी कसं बोलायचात?

"मांडीवर घेऊन, कानाशी. लांबून बोललं तर पाप्पाला, या लेकराला, कळत नाही, हे ठाऊक होतं मला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत, सार? मराठी बोलू नका एवढंच म्हणालात."

घरातला एकच आवाज तिच्यापर्यंत नीट पोचत होता. तोच मी बंद करवला होता. मी दोघा पालकांना समोर बसवून हे जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी थेरपिस्ट बदलून द्यायची तयारी दाखवली. वडील लगेच हो म्हणाले. आई म्हणाली, "राहू देत हेच. आता हे काही गृहीत धरणार नाहीत. पण महिनाभर तुम्हीपण सेशनला बसा, मॅडम." मी मान्य केलं. नाही म्हणायला मला तोंडच कुठे होतं?

दोन्ही कानांना हिअरिंग एड लागली. पहिले पंधरा दिवस निधी ती उपटून फेकायची. आजींची मराठी मात्र टेस्टच्याच दिवशी परत सुरू झाली होती. आठ महिन्यांत निधी दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलू लागली, आईशी तमिळमध्ये, आजींशी मराठीत. गोंधळ कुठेच नव्हता. ते पाच महिने मात्र तिला कुणी परत देणार नाही. आता तिचं पुढचं काम मला नीट माहीत आहे आणि ते होईल.

घरात किती भाषा बोलता, हे मी हल्ली ऑडिओग्राम हातात आल्यावरच विचारतो. त्याआधी विचारतो, मूल दिवसभर कुणापाशी असतं. त्या माणसाला घेऊन या म्हणतो, आणि अर्धा तास स्वतः गप्प बसून त्याचं ऐकतो.