डाव्या कोपऱ्याची अदलाबदल

त्या वर्षी आमच्या वरकुट्याच्या कबड्डी संघाची अशी दशा झाली होती, की आमच्याशी सामना असला की समोरच्या गावची पोरं पोटभर जेवून खेळायला यायची. जेवून कबड्डी खेळणं म्हणजे समोरच्याला खिजगणतीत न धरणं. आमच्या विहारासमोरच्या मैदानात उभं राहून त्यांचे ढेकर ऐकण्याची पाळी माझ्यावर आली होती.

कारणं साधीच होती. चढाई करणारे आमचे दोघं गेले, एक पोलिसात आणि एक पुण्याला कंपनीत. उरलेल्यांपैकी तिघांची लग्नं झाली आणि बायकांच्या हातचं खाऊन ते आमच्या साठ किलोच्या गटात मावेनासे झाले. मी कप्तान. इंदापूरला एका पतसंस्थेत कारकून होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. अजूनही समजतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या सहा गावांची मिळून आमची साखळी होती. दिवाळीनंतर रविवारी सामने व्हायचे, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. हंगाम संपला, गुढीपाडवा झाला की सगळे कप्तान आणि गावातली जाणती माणसं भवानीनगरला जमायची, कारण ते सगळ्यांना मधे पडायचं. ज्या वाड्यावस्त्यांना स्वतःचा संघ नव्हता तिथली पोरं तिथं रांगेत उभी राहायची आणि कप्तानांनी आळीपाळीनं भिडू मागायचे. जो संघ तळाला राहिला त्याची मागणी पहिली, जो पहिला आला त्याची शेवटची. हरलेल्याच्या पदरात काहीतरी पडावं, एवढाच त्यामागचा विचार.

त्याच बैठकीत अदलाबदलही चालायची. तुमचा एक भिडू आम्हाला, आमचा एक तुम्हाला, एका हंगामापुरता. पण बदलून गेलेला भिडू हंगाम संपल्यावर आपोआप घरी परतत नसे. त्यानंही पाडव्यानंतर रांगेत उभं राहायचं, आणि जो आधी मागेल त्याचा तो. पूर्वी एकाच भिडूवर दोन गावांनी हक्क सांगितला होता आणि मैदानात काठ्या निघाल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम.

आम्ही तळाला होतो, म्हणून पहिली मागणी आमची होती. तीत एक चपळ पोरगं मिळालं, पण ते कच्चं होतं. मला तयार चढाईवाला हवा होता. लोणी भापकरकडं तसा एक होता. अंगानं आडवा, पण मध्यरेषा ओलांडली की पाण्यातल्या माशासारखा सुळकन निसटायचा. त्याच्या बदल्यात देण्यासारखी आमच्याकडं एकच वस्तू होती, आमचा डावा कोपरा.

डावा कोपरा म्हणजे माझा मित्र. पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या घरचा ऊस आणि आमच्या घरची मास्तरकी, दोन्हीकडं आम्ही सारखेच वाढलो. मैदानात तो डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाईवाल्याचा घोटा त्याच्या हातात एकदा आला की सुटायचा नाही. लोणीच्या कप्तानानं त्याचंच नाव घेतलं. मी चहाचा एक घोट घेतला आणि हो म्हणालो.

ही अदलाबदल चुकली असं लोक आजही मला ऐकवतात. चुकली नव्हती. नुसत्या पकडीवर संघ हरायचा वाचतो, जिंकायला चढाईच लागते. हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आताही सांगेन.

मित्राला मी दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर सांगितलं. त्यानं विचारलं, “माझ्या बदल्यात कोण?”

“लोणीचा तो आडवा.”

“चांगला हाय,” तो म्हणाला आणि बारामतीच्या गाडीची वेळ बघायला गेला. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यानं जरा भांडायला हवं होतं.

भांडली त्याची आई. मी मावशी म्हणायचो तिला. त्यांच्या घरी गेलो तर तिनं चहा समोर ठेवला, आणि एक घोट घेतल्यावर कळलं की त्यात साखरेचा कण नाही. ज्या घरचा ऊस कारखान्याला जातो त्या घरात बिनसाखरेचा चहा.

“साखर लोणीला धाडली,” मावशी म्हणाली. “माझं पोरगं गेलं तितंच. तुला कशाला हवी हितं?”

तो हंगामभर दर रविवारी दोन गाड्या बदलून लोणीला जायचा. त्यांच्याकडून खेळायचा आणि सोमवारी मला लोणीच्या भाकरीचं कौतुक ऐकवायचा. मी ऐकून घ्यायचो.

आता लोणीच्या आडव्याबद्दल. हंगाम तोंडावर आला तसं आमच्या संघाचे कर्तेधर्ते तात्या म्हणाले, “गड्याचं वजन करून घ्या आदी.” तात्या जुने पैलवान. आमचं मैदान, आमचं तालीमतंत्र आणि आमच्या शिव्या, तिन्ही त्यांच्याकडून आलेल्या. गावात मोठा काटा होता तो गुऱ्हाळावर, गुळाच्या ढेपा तोलायचा. आम्ही सगळे तिकडं गेलो. काट्यावर एक लाकडी फळी असायची आणि ढेप तिच्यावर ठेवायची. फळीला गुळाचा थर बसून ती काळीभोर झाली होती.

आता ज्या फळीवर खायचा गूळ ठेवतात तिच्यावर पाय देऊन कोण उभा राहील? तात्यांनी स्वतः फळी उचलली, कपाळाला लावली आणि बाजूला भिंतीशी टेकवून ठेवली. मग आडवा काट्यावर चढला. साठला थोडं कमीच भरलं. आम्ही त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि गुऱ्हाळवाल्यानं सगळ्यांना काकवी दिली. आडव्यानं दोन वाट्या प्यायल्या.

पहिला सामना बारामतीजवळच्या गावात होता. तिथं पंचांनी दुकानातला काटा आणून ठेवला होता. आमचा आडवा त्याच्यावर चढला आणि काटा साठाच्या कितीतरी पुढं जाऊन थांबला. मी पंचांशी भांडलो, काटा खोटा आहे म्हणालो, मग मी स्वतः चढून बघितलं तर माझं वजन बरोबर आलं. आडव्याला बाहेर बसवलं. आम्ही आपटी खाल्ली.

परतताना तात्या टेम्पोत बोटांवर वजनाचा हिशेब करत होते. गावाजवळ आल्यावर त्यांनी एकदम कपाळाला हात लावला. “फळी,” ते म्हणाले.

तो काटा फळीचं वजन सोडून लावलेला होता. फळी ठेवली तरच तो खरं सांगायचा, काढली की तेवढं वजन कमी दाखवायचा. आमच्यातल्या निम्म्यांनी त्या गुऱ्हाळावर काम केलेलं, सगळ्यांना हे ठाऊक, आणि तरी गुळाला पाय लागू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ती भक्तिभावानं बाजूला केली होती. टेम्पोत आधी कुणी हसलं ते आठवत नाही, पण गावात शिरायच्या आत ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागली.

त्यानंतर आडव्याला आम्ही स्वेटर घालून कालव्याच्या कडेनं पळवला. भाकरी अर्धी केली, गूळ बंद केला. तो बिचारा माझ्याकडं पाहून म्हणायचा, “लोणीत मला असं कुणी उपाशी न्हाय मारलं.” पण उतरला. तोवर आमचे निम्मे सामने हरून झाले होते. आडवा मैदानात आला आणि आम्ही जिंकायला लागलो. समोरची पोरं आता जेवून यायची बंद झाली. मी गावातून जरा छाती काढूनच चालायचो.

शेवटचा सामना राहिला तो आमच्या मैदानात, लोणी भापकरशी. तळाला आम्ही आणि भवानीनगर, दोघं बरोबरीत, आणि भवानीनगरचे सामने संपलेले. आम्ही जिंकलो तर आम्ही वर जाणार आणि भवानीनगर तळाला राहणार. म्हणजे पाडव्यानंतरची पहिली मागणी त्यांची. हरलो तर सगळ्या सामन्यांच्या गुणांत आम्ही मागं, म्हणून तळही आमचा आणि पहिली मागणीही. आणि भवानीनगरचा कप्तान चहाच्या टपरीवर उघड सांगत फिरत होता, “वरकुट्याचा डावा कोपरा औंदा आमचा. एकदा हितं आला की कोण सोडतंय त्याला.”

जिंकलो तर मित्र गेला. हरलो तर तो घरी. हे मला कळत होतं, संघाला कळत होतं, मावशीलासुद्धा कळत होतं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या एकानं हळूच विषय काढला. “एक सामना गेला तर काय बिघडतंय? भिडू तर परत येईल.”

तात्या उसळले. “आपल्या इहारासमोर, आपल्या बायापोरांच्या देखत जाणूनबुजून हरायचं? त्यापरीस मैदानात कांदं लावा.”

मला मुद्दाम हरता येत नाही, पत्त्यांतही येत नाही. लहान भाच्याशी कॅरम खेळताना मी राणी सोडत नाही. पण त्या दिवशी मला हरायचं होतं, आणि जिंकायचंही होतं, आणि माझा मलाच राग येत होता.

सामन्याला गाव लोटलं. लोणीच्या संघातून माझा मित्र मैदानात उतरला, त्यांच्या हिरव्या बनियनमध्ये. आमच्या मैदानाला त्यानं हात लावून नमस्कार केला आणि पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. बायकांच्या बाजूनं मावशी ओरडली, “पाड त्येला.” कुणाला, ते सगळ्या गावाला कळलं, आणि सगळे माझ्याकडं वळून हसले.

सामना अटीतटीचा झाला. आडव्यानं आपल्याच जुन्या गावाचे गडी एकेक करून बाद केले. मित्रानं आमचे दोघं घोट्यावर धरून आडवे केले. दोघंही खरं खेळत होते. शेवटी एका गुणानं आम्ही मागं, वेळ संपत आलेली, आणि शेवटची चढाई माझी.

गेलो. दम घेतला, ‘कबड्डी, कबड्डी’ घोकत राहिलो आणि त्यांच्या उजव्या बाजूच्या दोघांना एका झेपेत हात लावला. परतलो की दोन गुण, आणि सामना आमचा. वळलो. त्या क्षणी भवानीनगर, पाडवा, मागणी, काही डोक्यात नव्हतं. फक्त मध्यरेषा दिसत होती आणि मला ती हवी होती.

घोट्याला हात पडला. तो हात मी न बघता ओळखला. शाळेच्या मागं शेणखताच्या ढिगाशेजारी त्यानं तो माझ्यावरच घोटून घोटून पक्का केला होता. मी सगळा जीव लावून ओढलं. बोटं रेषेपासून वीतभर मागं राहिली आणि दम सुटला.

तो माझ्या पायावर पालथा पडला होता. हिरव्या बनियनला आमची माती लागलेली. म्हणाला, “लई वढलंस रं. गुडगा गेला माझा.”

मी हसायला लागलो. हरलेला कप्तान मैदानात पडून हसतोय म्हणून तात्यांनी मला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण मी खरा खेळलो होतो, तो खरा खेळला होता, आणि जे मला मागायचं धाडस नव्हतं ते माझ्या पदरात पडलं होतं. इतका आनंद मला जिंकूनही कधी झाला नाही.

पाडव्यानंतरच्या रविवारी भवानीनगरला गेलो. पहिली मागणी आमची. रांगेच्या टोकाला आडवाही होता, पण हंगाम संपताच तो पुन्हा साठाच्या कितीतरी पुढं गेलेला. रांगेत माझा मित्र उभा होता, सुजलेल्या गुडघ्याला फडकं बांधून. त्याच्या शेजारी एका वस्तीवरचं लांबलचक पोरगं उभं होतं. ते पोरगं मी हिवाळाभर बघत होतो. त्याचा हात कुठून येतो ते दिसायचं नाही. संघ बांधायचा तर असल्या पोरावर बांधावा, असं मीच तात्यांना शंभरदा सांगितलं होतं. दुसरी मागणी भवानीनगरची होती. मी एकाला घेतलं की दुसऱ्यावर त्यांचा हात पडणार, हे उघड होतं.

तात्या माझ्या कानाशी लागले. “पोरगं घे. गुडगा बघितलास का त्याचा? पुढची पाच वर्सं घे.”

तात्यांचं खरं होतं. माझ्या हिशेबानंही खरं होतं. नव्यानं संघ उभा करायचा म्हणून सगळा खटाटोप मीच मांडला होता, आणि आता सगळे कप्तान चहाचे पेले धरून माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी मित्राकडं बोट केलं.

भवानीनगरच्या कप्तानानं घाईघाईनं त्या पोराला मागितलं, माझं मन बदलायच्या आत. मित्र लंगडत माझ्याकडं आला. येऊन बसला नाही, उभाच राहिला.

“खुळा हायस का?” तो म्हणाला. “त्या पोराला घ्यायचं हुतंस. म्या आता किती दिस खेळणार?”

“नको खेळूस. बस हितं.”

तो बसला. माझ्या पेल्यातला उरलेला चहा त्यानं न विचारता पिऊन टाकला.

तो पुढचा अर्धा हंगाम खेळला आणि गुडघ्यानं त्याला कायमचं मैदानाबाहेर काढलं. त्या पोरानं मात्र भवानीनगरकडून आम्हाला दोन वर्षं धू धू धुतलं. त्याची प्रत्येक चढाई यशस्वी झाली की मैदानाबाहेरच्या दगडावर बसून, बरोबर डाव्या कोपऱ्याच्या मागं, माझा मित्र मांडीवर थाप मारून मला ऐकू जाईल असं म्हणायचा, “बघ. म्या सांगितलं हुतं.”