शालनकाकींची पाकिटं

शालनकाकींच्या दारावरून दुपारच्या वेळी जाणं म्हणजे जेवायला बसणं. ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून त्या रस्त्याकडे डोळे लावून असायच्या. पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला असो की म्हशींचा डॉक्टर, काकींची हाक ठरलेली: "आवं, चार घास खाऊन जावा की!" माणूस लाजला तर त्या स्वतःही त्याच्याबरोबर ताटावर बसत. यजमानीण जेवते म्हटल्यावर पाहुण्याला संकोच कसला? दुपारी तीन पाहुणे आले की काकी तीनदा जेवायच्या.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले तेव्हापासून काकींचं अंग वाढतच होतं आणि गुडघे बोलायला लागले होते. एकुलता एक संदीप फौजेत. सुट्टी संपली की तो एसटी पकडायला फाट्यावर जायचा आणि काकी ओट्यावरूनच हात हलवायच्या. "सगळ्यांच्या आया फाट्यापतूर जात्यात. माजाच एकटा जातूय," एवढं बोलून त्या पदर तोंडाला लावत. कराडचे डॉक्टर म्हणाले, गुडघे बदलता येतील, पण आधी वजन उतरवा.

संदीपने तिकडूनच मोबाइलवर तयार जेवणाची पाकिटं मागवली. गरम पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, तेवढंच खायचं. काकींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "फोटूत परातभर, आत मूठभर. फोटूच खायाचा व्हय?" पण लेकाने धाडलंय म्हणून एक पाकीट चुकवलं नाही.

महिन्याभराने मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर वजन चक्क वाढलेलं. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच ते सगळं खाल्लं. घरी येऊन मी उलटतपासणी घेतली. पाकीट काकी अगदी वेळेवर खात होत्या, औषधासारखं, जेवणाच्या आधी! "आगं, भाकरी न्हाई तर त्येला जेवान कसं म्हनायचं? आन् दारात आल्याला मानूस उपाशी धाडू व्हय?"

मला संताप आला. म्हटलं, "मग बसा ओट्यावरूनच हात हलवत!" काकींनी रिकामं पाकीट हातात घेऊन त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, त्ये पाकीट एकटीचं आसतंय गं. एकटीनं खाल्लं की चोरून खाल्ल्यावानी वाटतंय. घासच उतरत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मीही एक पाकीट घेऊन त्यांच्या ओट्यावर बसू लागले. स्वतःच्या वाटीतला एक चमचा माझ्या वाटीत टाकल्याशिवाय काकी सुरुवात करत नसत. हाका मारणं त्यांनी सोडलं नाही, फक्त पाहुण्यापुढेही आता पाकीटच येऊ लागलं. म्हशींच्या डॉक्टरांनी एक घास खाल्ला आणि त्यांना एकदम कुठल्याशा म्हशीची आठवण झाली. बातमी गावभर झाली. लोक पलीकडच्या बोळातून जाऊ लागले. काकींना ते फार लागलं. रिकाम्या रस्त्याकडे बघत त्या म्हणायच्या, "जाऊ दे. फाट्यावर जायाचं हाय मला."

वजन उतरलं. संदीप सुट्टी काढून आला आणि ऑपरेशनही पार पडलं. त्याच्या पुढच्या सुट्टीपर्यंत काकी काठी टेकत चालू लागल्या.

तो निघाला त्या दिवशी काकी सकाळपासून नवं लुगडं नेसून तयार. आम्ही तिघं रमतगमत फाट्यावर गेलो. दारादारांतून माणसं बघायला बाहेर आली होती. एसटी आली तशी काकींनी लेकाच्या हातात भलंमोठं गाठोडं दिलं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी.

"आई, एवढं कोण खाणार?"

"तुज्या एकट्याचं न्हाई त्ये. शेजारी बसंल त्येला हाक मार. एकटा खाऊ नगंस."

संदीप पाया पडला, गाडीत चढला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आई, उनाची थांबू नगंस. घरी जा आता."

काकींनी काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात हलवले.

"जाते की," त्या म्हणाल्या. "चालत जाते."