साकीनाक्याचा व्हाइस

आमच्या मुलुंडच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस सोफ्यावर बसतो, चहाचा कप हातात घेतो आणि मग त्याची नजर टीव्हीखालच्या फळीवर जाते. तिथे लोकांकडे काचेचे हत्ती असतात. आमच्याकडे व्हाइस आहेत. फिटर लोक कामाच्या टेबलाला बोल्टनं आवळून ठेवतात ना, तो दोन जबड्यांचा लोखंडी ठोकळा. दांडा फिरवला की एक जबडा सरकतो आणि मधला तुकडा असा पकडतो की हलायची बात नाही. पाहुणा कौतुकानं माझ्याकडे बघतो, "तुमचा छंद का?" मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो. "हिचा." मग पाहुणा चहा सांडतो.

ही म्हणजे माझी बायको रेवती. वय पन्नाशीला टेकलेलं, अंधेरीच्या एका फर्ममध्ये ऑडिटचं काम, आवाज खणखणीत आणि पेशन्स शून्य. रिक्षावाल्यानं सिग्नलला डुलकी काढली तर ही खाली उतरून चालायला लागते. भाजी शिजेपर्यंत तीनदा झाकण उघडून बघते. पण गंजून गच्च बसलेला व्हाइस समोर ठेवा. ही आठवडेच्या आठवडे त्याला थेंब थेंब तेल पाजत बसेल, गोंजारेल, त्याच्याशी बोलेल. माझ्याशी कधी एवढं गोड बोलल्याचं स्मरत नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. ती म्हणाली, "तू गंजलास की बघू."

सुरुवात एका कुकरपासून झाली. कुकरच्या दांड्याचा स्क्रू निघेना, धरायला काहीतरी हवं म्हणून तिनं भंगारवाल्याकडून एक काळाकुट्ट छोटा व्हाइस आणला. स्क्रू निघाला, पण बाईसाहेबांचं लक्ष स्क्रूवर कुठे होतं? जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन ती त्या ठोकळ्याला घासत बसली आणि एकदम किंचाळली, "सुबोध! अक्षरं! अरे, अक्षरं आली!" मी धावत गेलो. काजळीखालून कुठल्या तरी विलायती कारखान्याचं नाव वर येत होतं. तिचे डोळे असे चमकत होते की मलाही उगाच आनंद झाला. तिथेच वाट लागली. आता बाल्कनीत व्हाइस, दिवाणाखाली व्हाइस, वॉशिंग मशीनच्या मागे व्हाइस. आमच्या दिवाणाचं झाकण उचलायला दोन माणसं लागतात.

तिचं एक ब्रीद आहे आणि ते ती पाहुण्यांना ऐकवल्याशिवाय सोडत नाही. लोखंडाला तेल पाहिजे, रंग नाही. कुठलाही व्हाइस घरी आला की आधी त्याच्यावरचा रंग जातो. खरवडून, घासून, अगदी नागव्या लोखंडापर्यंत. मग तेलाचा हात. झालं. रंग म्हणजे लपवाछपवी, असं तिचं मत. ऑडिटर आहे, चालायचंच.

तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गोवंडीच्या तिच्या ठरलेल्या भंगारवाल्याचा फोन आला. "मॅडम, साकीनाक्याला एक गाळा खाली होतोय. बडा पीस है. पण म्हातारा देत नाय." एवढं ऐकल्यावर ही घरात थांबते कसली! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आमच्याकडे बायको. अर्ध्या तासात मी गाडी चालवत होतो आणि ही शेजारी बसून प्रत्येक सिग्नलला शिव्या घालत होती.

गाळा एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता. इस्टेट पाडून तिथे ऑफिसचा टॉवर होणार, त्यामुळे सगळीकडे निघानिघी चालली होती. गाळ्याचे मालक माणिक तावडे, सत्तरी ओलांडलेले, मूळचे मालवणकडचे. लेथ गेलं होतं, ड्रिल मशीन गेलं होतं. रिकाम्या गाळ्यात उरलं होतं एक लाकडी टेबल आणि त्यावर तो.

रेवतीनं माझा दंड धरला. नखं रुतली. व्हाइस अवाढव्य होता, एखाद्या बैलाच्या डोक्याएवढा, आणि अंगावर ऑइलपेंटचे इतके थर की कडा गोल झाल्या होत्या. वरचा रंग चंदेरी. कुठे टवका उडालेला तिथे निळा, हिरवा, पिवळा डोकावत होता.

"दांडा फिरत नाही," तावडेकाका म्हणाले. "बरीच वर्षं झाली. जो येतो तो आधी हातोडा मागतो."

रेवतीनं हातोडा मागितला नाही. दांड्यावर नुसता तळवा ठेवला, डोळे मिटले आणि अगदी हलका जोर देऊन बघितला. मग खाली वाकून सरकत्या भागाच्या फटीत बोट फिरवलं. काका तिच्याकडे बघत होते. मला वाटतं, तिथेच त्यांचं ठरलं.

"कोणाची गो तू?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "मुलुंडची." काका हसले. म्हणाले, "घरी ने. उघडून बघ. दसरा झाला की मला गाळ्याची चावी द्यायची आहे. पण खंडेनवमीला तो इथे हवा, पूजेला. फिरता झाला तर पूजेनंतर तुझा. नाही झाला तर भंगारात जाईल. बंद पडलेलं हत्यार कुणाला देऊ नये, आमच्यात चांगलं मानत नाहीत."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. मला तर धास्तीच बसली. हिचा जीव त्यात किती अडकला होता ते मला दिसत होतं. ऑफिसातून आली की पर्स फेकायची आणि थेट बाल्कनीत. रॉकेल आणि तेलाचं मिश्रण, मग गॅसच्या बर्नरनं शेक, मग थंड होऊ देणं, मग लाकडी ठोकणीनं टकटक. फिरेना. पुन्हा तेल, पुन्हा शेक. नवरात्र बसलं तरी फिरेना. घटस्थापनेच्या दिवशी ती पहिल्यांदा रडकुंडीला आली. "सुबोध, हा जाणार रे भंगारात. माझ्या हातून जाणार."

मी म्हटलं, "अगं, एवढा गंज दिसत तर नाहीये."

मी आपलं समजूत घालायला बोललो होतो. पण ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग बॅटरी घेऊन व्हाइसखाली शिरली आणि तिथून ओरडली, "गंज नाहीच आहे! रंग आहे! फटीत रंग भरलाय मूर्खांनी! वर्षानुवर्षं नुसता थापलाय!"

ऑइलपेंटचा थर सरकत्या भागाच्या फटीत, स्क्रूच्या आट्यांत झिरपून दगड झाला होता. तेलाला आत जायला वाटच नव्हती. मग तिनं करवतीच्या पात्याचा तुकडा घेतला आणि त्या फटी कोरायला घेतल्या. रविवारी दुपारी मी भेंडी चिरत होतो. बाल्कनीतून 'कट्ट' असा आवाज आला. मग घर दणाणलं.

"फिरला! सुबोध, फिरला रे!"

मी सुरी टाकून पळालो. ती दोन्ही हातांनी दांडा फिरवत होती आणि तो महाकाय जबडा इंच इंच उघडत होता, कुरकुरत, खूप वर्षांनी तोंड उघडल्यासारखा. आम्ही दोघं त्या बाल्कनीत अक्षरशः नाचलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू बघत होत्या. बघू देत.

आता इथे थांबली असती तर ती रेवती कसली. काकांना सरप्राइज द्यायचं असं तिच्या अंगात आलं होतं. उरलेले सगळे दिवस तिनं रंग काढण्यात घालवले. चंदेरी गेला, निळा गेला, पिवळा, पोपटी, पुन्हा निळा. दर थरात लालसर भुकटीचे ठिपके लागायचे. ती वैतागायची, "प्रत्येक वेळी गंजाविरुद्धचा रेडऑक्साइड कोण मारतं? आणि तोही असा ठिपक्याठिपक्यांनी?" मीही म्हटलं, अडाणी असतील. शेवटी व्हाइस असा उजळला की त्यात तोंड दिसेल. खरं सांगतो, तिच्या सगळ्या व्हाइसमध्ये तेवढा देखणा दुसरा नाही.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही साकीनाक्याला पोचलो. रिकामा गाळा झाडून, धुऊन काढला होता. दाराला झेंडूचं तोरण. टेबलावर हळदीकुंकू, नारळ, आणि बाजूला रंगाचे दोन डबे आणि ब्रश. डबे मी बघितले, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही. दोघांनी मिळून व्हाइस टेबलावर ठेवला. रेवतीनं जादूगारासारखं फडकं ओढलं आणि म्हणाली, "काका, दांडा फिरवा. एका बोटानं!"

काकांनी एक बोट लावलं. दांडा भर्रकन फिरला. त्यांच्या तोंडून "अरे!" एवढंच निघालं आणि चेहरा लहान पोरासारखा फुलला. मग त्यांचा हात दांड्यावरून जबड्यावर आला, आणि तिथेच थांबला.

"रंग खंय गेलो?"

"काढला!" रेवती अभिमानानं म्हणाली. "सगळा. अगदी खालपर्यंत."

काका स्टुलावर बसले. मग त्यांनी सांगितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. दर खंडेनवमीला व्हाइसला नवा रंग. रंग कुठला, ते गाळ्यातला सगळ्यात नवा माणूस ठरवणार आणि तोच मारणार. पिवळा भीमराज नावाच्या कामगाराचा, तो गावाहून पहिल्यांदा मुंबईत आला तेव्हाचा. पोपटी काकांच्या धाकट्या भावाचा, तो आता नाही. आणि रंग ओला असतानाच त्यावर हळदीकुंकू वाहायचं, म्हणजे ते चिकटून राहतं. पुढच्या वर्षी त्यावरच नवा रंग. जुनं काही पुसायचं नाही.

"ते कुंकू होतं?" रेवतीनं विचारलं. तिनं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मला तिची फार दया आली, आणि दया आली की मला राग येतो. मी म्हटलं, "काका, आधी सांगायचं ना! हिला काय स्वप्न पडणार होतं?"

"अरे बाबा, कोणी रंग खरवडून काढील हे मला तरी काय स्वप्नात दिसणार होतं?" काका म्हणाले.

तेही खरंच होतं. रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ऑडिटर ती ऑडिटरच. रडत रडत म्हणाली, "काका, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं. पण खोटं नाही बोलणार. तो रंगानंच अडकला होता. फटीत, आट्यांत, सगळीकडे रंग होता. गंज नव्हताच."

मला वाटलं, संपलं. कशाला बोलली! काका उठले, टेबलाशी गेले. दांडा फिरवला, उघडला, मिटला, परत उघडला. बोट फटीतून फिरवलं.

"म्हणजे आम्हीच त्याचं तोंड बंद केलं," ते हळू म्हणाले. "पूजा करून करून." आणि मग ते हसले. सुरुवातीला नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. रेवती रडत होती आणि ते हसत होते आणि मी मध्ये नारळासारखा उभा.

हसू ओसरल्यावर त्यांनी ब्रश उचलला. मला वाटलं स्वतःच मारणार, गाळ्यात दुसरं होतंच कोण? त्यांनी तो रेवतीपुढे धरला.

"धर गो बाय. नवीन माणूस तूच."

जी बाई आयुष्यभर लोखंडाला रंग नको म्हणून भांडली, तिनं तो ब्रश दोन्ही हातांनी घेतला. डबे दोन, लाल आणि निळा. तिनं लाल उघडला. मग नाक ओढून दमात म्हणाली, "पण आट्यांना नाही लावणार. फटीलाही नाही."

"तुला कळतं ते कर," काका म्हणाले.

मी तिला कधी इतकं हळू काम करताना बघितलं नव्हतं. जबड्याच्या कडेनं, बोल्ट बसतात त्या कानांवरून, लाल रंग ओढत गेली, फटीपाशी श्वास रोखून थांबली, पुढे सरकली. काका बाजूला उभे राहून "इकडे राहिलं, तिकडे राहिलं" करत होते. रंग लावून झाला. काकांनी हळद वाहिली, रेवतीनं कुंकू. ते ओल्या रंगावर टेकलं आणि तिथेच राहिलं. मी नारळ फोडला, तो पहिल्याच फटक्यात फुटला, आणि खरं सांगतो, त्या रिकाम्या गाळ्यात मला एवढा आनंद झाला की कशाचा ते मला सांगता येईना.

रेवती फडक्याला हात पुसत राहिली, पुसलेलेच पुन्हा पुसत राहिली. तिला विचारायचं होतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी तिनं नुसतं व्हाइसकडे बघितलं, मग काकांकडे.

"आत्ता खंय नेतस?" काका करवादले. "रंग ओलो आसा. उद्या दसरो, उद्या ने. आणि येताना ह्या नवऱ्याक घेवन ये, तुका एकटीक उचलूचो नाय."