अकराचं हेलिकॉप्टर

माझी मोठी बहीण हवाई दलात हेलिकॉप्टर चालवते आणि मी वर्सोव्याच्या बंदरावर बर्फ फोडतो. तरी मधले आठ महिने तिची उड्डाणं मीच ठरवत होतो.

बहिणीला आम्ही बाय म्हणतो. आमच्या कोळीवाड्यातून वैमानिक झालेली ती पहिली. नुसती मुलींत नव्हे, मुलगे धरूनही पहिलीच! (मुलग्यांत सर्वांत उंच गेलेला मी, पाण्याच्या टाकीवर चढलो होतो, उतरवायला चार माणसं लागली.) ती तुकडीत दाखल झाली तेव्हा बाईच्या मापाचा उड्डाणाचा पोशाखसुद्धा नव्हता. पहिलं वर्ष तिने बाह्या दुमडून काढलं. आता उत्तरेकडे, बर्फातल्या ठाण्यांवर ती जवानांचं रेशन चढवते आणि आजारी माणसं खाली आणते. उतरायची जागा म्हणे आमच्या ओट्याएवढी. तिच्याआधी तिथे कुठलीच बाई हेलिकॉप्टर घेऊन उतरली नव्हती.

अडचण एकच, तिथून रोज फोन लागत नाही. आणि आमच्या आईचा हट्ट, "पोर सुखरूप उतरली असं कळल्याबिगर मी घास घेणार नाय." फोन यायचा आठवड्यातून एकदा. आई इतकी सुकली, की बोंबलांच्या रांगेत टांगली असती तर व्यापाऱ्याने भाव विचारला असता!

एके दिवशी आम्ही किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होतो. आई सकाळपासून उपाशी. अकरा वाजता डोक्यावरून एक हेलिकॉप्टर समुद्राकडे गेलं. ते रोजच जातं, भर समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आये, ती बघ, बाय चालली!"

"खरं?"

"मग! इकडं बदली झालीय तिची. पण गुप्त हाय हां. कोणाला बोलू नको."

त्या दुपारी आई तीन वेळा भात मागून जेवली. आता सांगा, मी कुठल्या तोंडाने खरं बोलणार होतो?

आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. हे गुपित तिने फक्त शेजारी बसणाऱ्या हिरामावशीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते फेरीबोटीने खाडीपलीकडे मढलाही पोचलं. दुसऱ्या दिवशी अकराला किनाऱ्यावर बारा बायका. आठवड्याने चाळीस!

"काय रं हऱ्या," हिरामावशी म्हणाली, "हवाई दलाचं हेलिकॉप्टर लाल-निळं असतं?"

"वेष बदललाय मावशी."

"हेलिकॉप्टरनं?"

"मग! शत्रू काय आंधळा असतो?"

एकदा दोन हेलिकॉप्टरं एकामागून एक गेली. मी म्हटलं, मागचं शिकाऊ आहे, बाय त्याला शिकवते. (आईने "पोरगी मास्तरीण झाली" म्हणून पेढे वाटले.) एकदा एकही आलं नाही. मी म्हटलं, आज सुट्टी.

"सुट्टी तर घरी का नाय आली? इथंच तर उतरते!"

"कडक शिस्त असते गो आये."

बायचा फोन आला की मी आईला चिकटून बसायचो. आईला बजावलेलं, की फोनवर यातलं एक अक्षर काढायचं नाही, शत्रू ऐकतो. मग आई नुसती गालात हसायची. "बघितलं बरं का तुला!"

"काय बघितलं?"

"शहाणी! बोलत नाय ती!"

आणि मग गेल्या महिन्यात, सकाळी साडेदहाला, पाठीवर पिशवी टाकून बाय दारात उभी! न कळवता, पंधरा दिवसांच्या रजेवर.

"हऱ्या, आये कुठंय?"

"किनाऱ्यावर. तू आत ये. दार लाव. सव्वाअकरापर्यंत बाहेर पडायचं नाय."

"का रे?"

"कारण अकराला तू हवेत असतेस."

वैमानिक माणूस ओरडत नाही. तिने पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि इंजिन बंद पडल्यावर विचारत असेल तसं विचारलं, "पहिल्यापासून सांग. काय काय बिघडलंय?"

मी सगळं सांगितलं.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोळीवाड्याला."

"सगळ्या?"

"आणि मढला."

ती उठलीच. "चल."

"बाय, आये परत जेवायची बंद होईल गो!"

"आठ महिने मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. तुझ्या अकरासाठी मी आतल्या खोलीत लपून बसू?"

किनाऱ्यावर चाळीस माना वर. हेलिकॉप्टर अगदी वेळेवर आलं (एरवी दहा मिनिटं उशीर ठरलेला!). सगळ्यांत पुढे आई, नारिंगी पातळ हलवत ओरडतेय, "बाय गोऽऽ! जेवलीस काय?" आणि सगळ्यांत मागे बाय. तिनेही सवयीने वर पाहिलं आणि हात हलवला.

हिरामावशीने वळून तिला सांगितलं, "हात जरा उंच कर गो, तिला दिसायला पायजे." आणि मग किंचाळली, "अगो, तू हितं, तर वर कोण?"

चाळीस माना खाली आल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"त्याचं काय आहे," मी म्हटलं, "हल्ली ही मशीनं आपोआप..."

"हऱ्या," बाय शांतपणे म्हणाली, "उतर आता खाली."

आईने मासळीच्या हातांनी बायचं तोंड कुरवाळलं, पोटभर रडली, आणि मग हाताला लागला त्या ओल्या बोंबलाने मला मारलं. ओला बोंबील लागत नाही, पण वास आठवडाभर राहतो.

"आठ महिने दुसऱ्याच्या पोराला जेवलीस काय इचारत होते मी!"

"विचारत जा ना आये," बाय म्हणाली. "त्याचीही आई कुठंतरी थांबलीच असेल."

आई अजूनही अकराला हात हलवते. फक्त पातळ आता घरी ठेवते.

बाय परत गेली, पण जाण्याआधी तिने सोय लावली. आता तिच्या तळावरून रोज माझ्या फोनवर निरोप येतो, "उतरले. बरी आहे." आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरी बातमी! मी धावत आईकडे जातो. ताट वाढलेलं, आई भिंतीला टेकून.

"आये, बायचा निरोप!"

"वाचतंय कोण?"

"मी."

"हिराला बोलाव."

हिरामावशीचा चष्मा कधीचा फुटलाय. ती माझा फोन उलटा धरते, मिनिटभर त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "बरी हाय गो पोर." की लगेच आई भात कालवायला घेते. आईचा उलट्या फोनवर विश्वास आहे, पोटच्या पोरावर नाही!